गाठ न तोडलेले पायमोजे

शकूकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिंचवडला कॉलेजच्या लायब्ररीत होते. चाकणच्या कंपनीत शिफ्टवर असतानाच तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं, एवढंच बाबा बोलले. त्याला पाच आठवडे झाले. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, म्हणून काकूबद्दल चार शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलं... पण लिहायला बसले की दुःखाआधी किळस येते.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काळेवाडीत आमच्या शेजारच्याच खोलीत राहायची. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. गुरुवारी कंपनीला सुट्टी असली की ती सुया-लोकर घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि जुने कृष्णधवल सिनेमे लावायची. त्यांत एक प्रसंग हमखास यायचा. नायिका खुर्चीत बसून काहीतरी इवलंसं विणतेय, नवरा ऑफिसातून येतो, ते बघतो, आणि ती लाजते. काकू आपल्या सुया थांबवायची. "बघ मने, एक टाका तरी पुढं सरकला का? नुसत्या सुया आपटतीय बया. आन् नवऱ्याला तोंडानं सांगायला काय झालं हिला?" मी हसून लोळायचे. पण गल्लीतल्या बायका त्याच सिनेमांवर वाढलेल्या. काकूच्या हातात सुया दिसल्या की दारातूनच विचारायच्या, "काय शकू, गोड बातमी का?" काकू मफलर उलगडून दाखवायची. "व्हय, सहा फुटी बातमी हाय. मिशा पण आल्यात तिला." बायका हसत पुढे जायच्या. काकूच्या सुया मग जरा जोरात चालायच्या.

गेल्या वर्षी माझ्या ताईला मुलगा झाला. बाळंतपण सासरी, पिंपळे गुरवला झालं. बारसं मुद्दाम काकूच्या शिफ्टच्या दिवशी ठेवलं. तरी काकूनं बाळासाठी पिवळं टोपडं आणि पायमोजे विणून दिले. आईनं ते हसून घेतले आणि काकूची पाठ वळताच पिशवीत कोंबले. "बाळाच्या अंगाला नको लावायला. तिच्या हातचं..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. मी कॉलेजात अंधश्रद्धेवर भाषण करून बक्षीस आणलं होतं. घरात मात्र गप्प बसले. त्याहून वाईट म्हणजे, काकूनं विचारलं तेव्हा "अगदी मापात बसतं, रोज घालतो" असं सांगितलं. तिनं फोटो मागितला. ताईनं बाळाला टोपडं-मोजे मिनिटभर घातले, फोटो काढला, लगेच उतरवले. तो फोटो मीच काकूला दाखवला. तिनं तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

"मोज्यांची जोडी हरवू नये म्हणून मी दोऱ्यानं गाठ मारली होती, मने. ती अजून तोडली न्हाई व्हय?"

तिनं मोबाईल परत दिला. "राहू दे. चहा टाकते."

तेराव्याला आईनंच ती पिशवी बाहेर काढली. "किती माया होती तिच्या हाताला," असं बायकांना सांगत ती टोपडं बाळाच्या डोक्यावर ओढू लागली. बाळ आठ महिन्यांचं झालेलं. टोपडं कानांत रुतलं, बाळ किंचाळायला लागलं, आणि बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मी ते काढलं आणि म्हणाले, "ती होती तेव्हा का नाही घातलं?"

"चारचौघांत हे बोलायला कॉलेजात घातलं का तुला?" आई म्हणाली. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मला माझीच शिसारी आली. मीसुद्धा काकू गेल्यावरच बोलले होते.

परवा काकांनी काकूची ट्रंक उघडली. आत एक हिरवा स्वेटर सुयांवरच होता. पाठ पूर्ण, पुढची बाजू अर्धी. वर्षाच्या मुलाच्या मापाचा. ती लोकर मी ओळखली. फोटो दाखवला त्याच्या पुढच्या गुरुवारी मीच काकूबरोबर जाऊन ती पिंपरीहून आणली होती. मफलरसाठी, असं ती म्हणाली होती.

"उसवून गुंडा करून ठेव," आई म्हणाली, "लोकर तरी कामाला येईल." मी तो उसवला नाही. ताईला फोन केला. म्हटलं, कुणाकडून तरी पुरा करून आणते, बाळाला घालशील का? फोटोपुरता नाही...

"बघू," ताई म्हणाली.

स्वेटर माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहे. मला विणता येत नाही. सुई निसटली तर टाके सुटतील, म्हणून मी तिथलं पुस्तकही जपून काढते. बाळाला वर्ष पुरं व्हायला अजून तीन महिने आहेत.