आधी कुलूप तपासायला हवं होतं
लंडनच्या पिनर भागातल्या त्या बाई मला पोलिसातून निवृत्त झाल्यावरही आठवतात, आणि आठवल्या की स्वतःचाच राग येतो.

वॉटफर्डमधल्या एका खासगी क्लिनिकच्या रिसेप्शनचा लॅपटॉप मॅनेजरच्या गाडीतून चोरीला गेला. पंधरवड्यातच पेशंटना ईमेल येऊ लागले: पैसे द्या, नाहीतर तुमचे आजार जगजाहीर करू. क्लिनिकने ठासून सांगितलं, डिस्क एन्क्रिप्टेड आहे, पासवर्डशिवाय उघडणं अशक्य. पासवर्ड फक्त रिसेप्शनिस्टकडे, म्हणजे पिनरच्या या बाईंकडे. त्यातच आम्हाला निनावी फोन आला, की बाई पासवर्ड डायरीत लिहून ठेवतात. घराची झडती घेतली, डायरी सापडली. क्लिनिकने सतरा वर्षं काम केलेल्या बाईंना त्याच दिवशी सस्पेंड केलं. मीही मनातल्या मनात केस मिटवून टाकली.

तीनदा चौकशी झाली. रेकॉर्डिंग चालू, शेजारी वकील, प्रश्न इंग्रजीत. तिसऱ्या वेळी बाई एकदम मराठीत बोलल्या, "अहो, दर महिन्याला चेंज करायला लावतात, लक्षात कसा राहणार? म्हणून लिहिला. पण ऑनेस्टली, कुणालाच दिला नाही!"

खोटं बोलणारा दर वेळी आपली गोष्ट जरा घासूनपुसून आणतो. बाईंची गोष्ट तिन्ही वेळा तितकीच ओबडधोबड होती. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

क्लिनिकमधला तसाच दुसरा लॅपटॉप मी आमच्या डिजिटल विभागातल्या अनुभवी सार्जंटबाईंकडे नेला. त्यांनी मागचं झाकण काढलं, आत दोन बारीक वायरी लावल्या आणि बटण दाबलं.

"पासवर्ड विचारायच्या आधीच हे मशीन डिस्कची किल्ली एका चिपमधून बाहेर पाठवतं," त्या म्हणाल्या. "तीही उघडी, कुठलंही सांकेतिक आवरण न घालता. वाटेत पकडायची, बस्स."

माझा चहा निवायच्या आत पेशंटची यादी स्क्रीनवर आली. सुरू करतानाच वेगळा पिन मागायची आणि तोवर किल्ली अडवून धरायची सोय त्यात होती. क्लिनिकने ती वापरलीच नव्हती.

चोरीचे लॅपटॉप विकत घेऊन असेच उघडणारा इसम पुढे क्रॉयडनला सापडला. तशाच वायरी आणि आमच्या क्लिनिकच्या पेशंटची यादी त्याच्याकडे मिळाली. निनावी फोन कुणी केला, ते मात्र कळलं नाही.

बाईंकडे मी स्वतः गेलो. सोबत आमचं ठरलेल्या मजकुराचं पत्र होतं: पुढील कारवाई करण्यात येणार नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"यात मी काही केलं नाही, असं कुठे लिहिलंय?"

"तसं लिहायची पद्धत नाही हो."

"मग इंटरव्ह्यूला गेले की काय दाखवू? माझ्या जागी त्यांनी दुसरी घेतलीसुद्धा."

आम्ही सहा आठवडे बाईंना तपासलं. कुलूप तपासायला एक दुपार पुरली. कुणी 'अशक्य' म्हणालं की आधी तेच तपासायचं, हे त्यानंतर मी प्रत्येक केसमध्ये पाळलं. बाईंना त्याचा काहीच उपयोग झाला नाही.