जीपचे बोल्ट आणि दादाची शपथ

हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही, एकटी असतानाही मोठ्यानं नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदा बोलले, आणि एकदा बोलले तर आता पूर्णच बोलते. मध्येच थांबले तर पुन्हा जमायचं नाही.

मी गाड्या दुरुस्त करते. देवरीच्या रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे. बाबा ड्रायव्हर होते, त्यांनी दादाला स्टेअरिंग दिलं आणि माझ्या हातात पाना दिला. गावात हसले लोक. बाईमाणूस जीपखाली झोपते म्हणाले. मग हळूहळू हसणं थांबलं, गाड्या यायला लागल्या. ते हसणं थांबलं याची मला किती चटक लागली होती — हे आधी सांगायला हवं. पुढचं सगळं त्यातून झालं.

आमच्याकडे बाबांची जुनी जीप होती, जंगलातल्या कच्च्या वाटेवर चालणारी. दादा ती चालवायचा. आसपासच्या गावांतून मोहफुलांची पोती भरायची आणि देवरीच्या बाजारात न्यायची. दादा पूर्वी प्यायचा, खोटं कशाला बोलू? वहिनीनं फार सोसलं. पण एका वैशाख पौर्णिमेला विहारात, बुद्धमूर्तीसमोर, सगळ्या वस्तीच्या देखत त्यानं दारू सोडली. आणि खरंच सोडली. वहिनी पुन्हा हसायला लागली होती.

त्या उन्हाळ्यात जीपच्या पुढच्या चाकावरच्या पाट्याचं, म्हणजे धक्के झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या थप्पीतलं, एक पान तुटलं. मी नवीन टाकलं. पाटे आणि एक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, एकमेकांना आवळून धरायला यू-बोल्ट असतात. नवीन पान टाकलं की गाडी थोडी चालवायची आणि ते बोल्ट परत कसायचे. पान दबतं, बोल्ट सैल पडतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाबांनी शिकवलेल्या पहिल्या गोष्टींपैकी ती एक.

दादा सकाळी गॅरेजवर आला. माझ्यासमोर एका मोठ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर उघडा पडला होता. दोन मेकॅनिकांनी त्याच्यापुढं हात टेकले होते — आणि तो माझ्या हातून सुरू होणार होता. बघायला चार माणसं जमली होती. मला ती माणसं आवडत होती. त्यांचं बघणं आवडत होतं.

"बाई, समोरचे बोल्ट कसाचे होते ना वो?" दादानं विचारलं.

"कसले कालच," मी म्हणाले. मान वरसुद्धा केली नाही.

कसले नव्हते. पाना लावून पाहायला किती वेळ लागला असता? चहा थंड व्हायच्या आत झालं असतं. पण त्या माणसांसमोर ट्रॅक्टर सोडून भावाच्या खटाऱ्याखाली शिरायचं — नको वाटलं मला. इतकंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलंय, सापडत नाही.

दादा निर्धास्त गेला. दुपारी परत येताना उतारावर जीप एका बाजूला ओढली गेली आणि रस्ता सोडून नाल्यात उतरली. बाजारात भाव पडला म्हणून काही पोती परत आणत होता, ती फुटली. लोक धावत पोचले तेव्हा दादा मोहफुलांत पडलेला होता. मोहफुलांचा वास माहीत आहे ना? त्यांचीच दारू गाळतात. अंगाला, कपड्यांना, केसांना तोच आंबूस वास. पाय मोडलेला, शुद्ध अर्धवट, बोलणं जड. दारूसारखा वास आणि पूर्वीचा बेवडा — लोकांना आणखी काय लागतं?

वहिनी दवाखान्यात आली तोवर तो पिऊन गाडी चालवत होता असं तिच्या कानावर पोचलं होतं. तिनं त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

जीप गॅरेजवर ओढून आणली. मी खाली शिरले. यू-बोल्ट सैल होते. पाट्याच्या मधला बोल्ट कापला गेला होता आणि एक्सल जागचा मागं सरकला होता. कुणीही जाणकारानं नुसतं वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं, ही चूक ड्रायव्हरची नाही. मी काय केलं? कुणी वाकून बघायच्या आत नवीन बोल्ट टाकला, एक्सल जागेवर घेतला, सगळं आवळलं. आधी टाळलं ते एक — पण हे मी शुद्धीत, हात पुसून, नीट केलं.

दुसऱ्या दिवशी दादानं मला जवळ बोलावलं.

"तू बोल्ट कसले होते ना?"

"हव."

त्यानं डोळे मिटले. "मंग डोळा लागला असंन माहा."

तेव्हापासून तो सगळ्यांना तेच सांगायचा. डोळा लागला. लोक मान हलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. वहिनी पोरीला घेऊन आमगावला माहेरी गेली. पुढं परत आली, पण त्याच्या ताटात वाढताना वर बघायची नाही. दादाच्या गाडीत कुणी बसेना. तो धानाच्या बांधीत राबायला लागला, पाय ओढत. आणि पुन्हा कधी प्यायला नाही. एक घोटही नाही. कुणाचा विश्वास नसताना शपथ पाळत राहिला.

दर पौर्णिमेला आम्ही विहारात शेजारी बसून पंचशील म्हणायचो. खोटं न बोलण्याचं शील मी खड्या आवाजात म्हणायचे. मग येतं दारूचं, ते तो हळू आवाजात म्हणायचा. आजूबाजूचे त्याच्याकडे चोरून बघायचे. माझ्याकडे कुणी बघत नसे. कसं म्हणत होते मी ते? नेहमीसारखं. सवयीनं.

गेल्या महिन्यात कामठ्याहून जीप विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं. दादा म्हणाला, बोल्टबिल्ट पाहून घे. त्याच्या अंगणात मी जीपखाली शिरले, तो शेजारी बाजेवर बसला. पाना लावला तर बोल्ट सैल. एक आवळला. दुसऱ्याला हात घातला आणि मला कळलं — आज बोलले नाही तर मरेपर्यंत बोलणार नाही. मला तिथून फक्त त्याचे पाय दिसत होते. एक सरळ, एक वाकडा.

"दादा, मी कसले नव्हते त्या रोजी. खोटं सांगतलं तुले. आन् मंग लपवलं."

पाय हलले नाहीत. मी पाना धरून पडून राहिले.

"काऊन?" एवढंच आलं वरून.

"लोकं पाहून राहिले होते मले."

तो म्हणाला, "तुया वहिनीले सांग. मी नाही सांगाचा."

मी बाहेर आले तेव्हा तो बांधीकडे निघून गेला होता. मी उरलेले बोल्ट कसले आणि तशीच काळ्या हातांनी घरात गेले. वहिनीला चुलीपुढं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "वस्तीले सांगशील?"

सांगितलं. याच पौर्णिमेला, वंदना झाल्यावर उभी राहिले. कोण हसलं होतं त्यांची नावं घेतली नाहीत, माझं घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, बाईच्या हाती पाना दिला की हेच होते. ज्या वाक्याला मी इतकी वर्षं घाबरले, ते आलं. मी ऐकून घेतलं आणि पुढं बोलत राहिले, कापलेल्या बोल्टापर्यंत.

माझं बोलणं संपायच्या आतच दादा उठला आणि दाराकडे चालू लागला. वहिनी उठली. भरभर जाऊन तिनं त्याला गाठलं, आणि पायरीवर त्याचा वाकडा पाय अडखळला तेव्हा त्याचा हात धरला. दोघं तसेच रस्त्यानं गेले. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.