बारवेतले बिऱ्हाड

बार्शीला छोट्या गाडीतून उतरले तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन पातळे आणि बाकी साऱ्या बाटल्या होत्या. हमालाने विचारले, "बाई, औषधाच्या का?" मी म्हटले, "किड्यांच्या." त्याने डोक्यावरची ट्रंक खाली घेतली आणि अंगापासून लांब धरून चालू लागला.

पुण्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. माझा विषय म्हणजे कोळ्याचा एक चुलतभाऊ. कोळ्याला कंबर असते, याला नाही. अंग वाटाण्यासारखे एकसंध, पाय लांबच लांब, आणि जाळे विणण्याच्या भानगडीत हा कधी पडत नाही. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी तरुणपणी, परदेशात शिकताना, दक्षिण अमेरिकेतल्या एकाच दरीतून आलेल्या नमुन्यांच्या दोन जाती केल्या होत्या. मागच्या मांडीवर काटे असलेली एक, गुळगुळीत मांडीची दुसरी. माझे म्हणणे, या दोन जाती नव्हेतच. काटेवाला नर आणि गुळगुळीत ती त्याची मादी. पोट उघडून पाहिले असते तर निकाल लागला असता, पण ते दुर्मीळ नमुने सर कुणाला कापू देत नव्हते. "इथल्या त्यांच्या भाऊबंदांत असे जोडपे दाखवा, मग हात लावा," असे त्यांनी बजावले होते. माझा प्रबंध तिथेच अडला होता. आपलेच बरोबर आहे याबद्दल मात्र मला तिळमात्र शंका नव्हती.

एस.टी.ने परांडा आणि पुढे बैलगाडीने सोनारीच्या अलीकडची एक वाडी गाठली. दसरा होऊन गेला होता, काळ्या रानात ज्वारी नुकती वर आली होती. वाडीतले भुसार व्यापारी दस्तगीरभाई आमच्या एका सहकाऱ्याच्या ओळखीचे. त्यांच्या घराला लागून जुनी बारव (पायऱ्यांची विहीर) आहे आणि तिच्या ओल्या कपारींत माझे हे प्राणी आहेत, असे त्याच सहकाऱ्याने सांगितले होते. बारव बघायला येते, एवढे मी आधी कळवले होते.

"या बाई," दस्तगीरभाई म्हणाले. "तुमची बारव तयार हाय."

तयार हा शब्द ऐकून मी लगबगीने बारवेत उतरले. पायऱ्या घासून धुतलेल्या, कोनाड्यांना चुना, आणि खाली कडुनिंबाच्या पाल्याच्या धुराचा वास.

"समद्या वाडीनं हात लावला बघा. किडामुंगी कायबी ठिवली न्हाय. शिकलेली बाई यायची म्हणल्यावर घाण कशी दाखवायची?"

बॅटरी घेऊन मी एकेक कपार पाहिली. एक पायसुद्धा दिसला नाही. मला रडू येत होते. वर दस्तगीरभाई कौतुकाची वाट बघत उभे होते. "छान केलंत," मी म्हटले आणि पदराने तोंड पुसले.

संध्याकाळी त्यांच्या पत्नीने, खैरुनबींनी, हुलग्याची शेंगोळी (लसणाच्या रश्शात शिजवलेली पिठाची वेटोळी) वाढली. एरवी मी पातेले संपवले असते. सकाळी त्यांनी अंगणात चादरींचा आडोसा करून गरम पाणी ठेवले. "न्हाणीत नका जाऊ बाई," त्या म्हणाल्या. न्हाणी पडझडीला आली असेल, असे मला वाटले. मी तोंड धुऊ लागले आणि न्हाणीच्या दाराकडून एक उग्र वास आला, टिंक्चर आयोडीनसारखा. डिवचल्यावर माझे प्राणी सोडतात तो हा वास मी झोपेतही ओळखला असता.

"खैरुनबी, आत काय आहे?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "लाज जाईल वो आमची. धूर केल्यापासनं बारवेतली ती लांब टांगांची समदी न्हाणीत शिरलीत. म्या किती झाडलं, जाईनात. मेहमानाला कसं सांगायचं?"

मी त्यांना बाजूला सारून आत गेले. रांजणामागची ओली भिंत हलत होती. काटेवाले आणि गुळगुळीत, सारे एकाच बिऱ्हाडात. खाली वाकले तर एक काटेवाला आणि एक गुळगुळीत, तोंडाला तोंड लावून, पायांत पाय अडकवून स्तब्ध उभे होते. शेजारच्या भेगेत दुसरी एक गुळगुळीत अंडी घालत होती. मी ओल्या फरशीवर बसकण मारली आणि हसत सुटले.

"काय झालं गं?" बाहेरून दस्तगीरभाईंनी विचारले.

"काय न्हाय," खैरुनबी म्हणाल्या. "बाईंना आपली न्हाणी लई आवडली."

ते जोडपे एका बाटलीत घालून मी निघाले. बाकीची खैरुनबींना झाडू दिली नाहीत. त्यांच्या आणि दस्तगीरभाईंच्या हातून बारवेत परत सोडवली. पुण्यापर्यंत बाटली मांडीवर होती आणि मी विजयाचे भाषण मनात घोळवत होते.

सरांनी माझी बाटली भिंगाखाली बराच वेळ पाहिली. मग कपाट उघडून त्यांनी आपल्या दोन्ही बाटल्या काढल्या आणि चिरायचे पाते माझ्या हाती दिले. गुळगुळीत होते त्यांच्या पोटात अंडी होती. काटेवाल्यांत एकाच्याही नव्हती. माझे भाषण कुठल्या कुठे गेले. खैरुनबींनी लाजेखातर दार लावून घेतले होते, तशा सरांनीही इतकी वर्षे या बाटल्या बंद ठेवल्या असतील का, असे मला वाटून गेले.

"म्हणजे नवराबायकोला मी जन्मभर वेगळं ठेवलं," सर म्हणाले, आणि एका बाटलीतले सगळे नमुने त्यांनी हलक्या हाताने दुसरीत ओतले.