भोंग्याचा शेवटचा ढीग

बाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत. कांद्याच्या ढिगाशी उभं राहून त्यानं बोली पुकारली की पलीकडच्या रस्त्यावरचं झोपलेलं कुत्रंही मान वर करी. घरी आला तरी सूर उतरत नसे. "अहो, हळू. घर आहे हे, बाजार नाही," हे बायकोचं रोजचं पालुपद. तो हसे आणि तितक्याच जोरात पाणी मागे.

बाजाराचा नियम असा, की पुकारा सुरू झाला म्हणजे ढीग सुटेपर्यंत पुकारणाऱ्यानं जागा सोडायची नाही. सोडली तर बोली रद्द. त्या सकाळी ऐन बोलीत त्याच्या छातीतून पाठीपर्यंत कापड टरकावं तशी कळ गेली. शहाणा माणूस खाली बसला असता. पण याला नियम जिवापेक्षा प्यारा. घामानं निथळत, छाती दाबून धरत त्यानं "तीन वार" म्हटलं, ढीग सोडला आणि मग त्याच कांद्यांवर कोसळला.

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली होती. "ओरडण्याच्या जोरानं चीर वाढलीही असेल," सर्जनबाई बायकोला म्हणाल्या. "आधी छाती उघडून डोक्याकडे जाणाऱ्या वाहिन्या नव्या नळीला जोडू. मग जांघेतून तार सरकवत नेऊन फाटक्या भागाला आतून अस्तर बसवू. यातून सगळेच वाचतात असं नाही. आणि आवाजाची नस तिथूनच वळसा घालून जाते. ती दुखावू शकते."

"आवाज गेला तर जाऊ दे. माणूस तेवढा परत द्या."

"असं कसं?" स्ट्रेचरवरून भोंगा पुटपुटला. "पोट त्याच्यावरच आहे ना आपलं."

माणूस परत मिळाला. टाके सुकले, तो भिंत धरून चालायलाही लागला. गळ्यातून मात्र नुसती हवा येई. बाजारानं त्याच्या जागी दुसरा उभा केला. तो बरा पुकारतो हे खिडकीतून ऐकू येई, आणि त्याचंच भोंग्याला जास्त वाईट वाटे.

एका दुपारी त्यानं पाणी मागितलं. बायको स्वयंपाकघरात होती. त्यानं पुन्हा मागितलं, मानेच्या शिरा ताणून मागितलं, आणि शेवटी रिकामा पेला जमिनीवर ढकलला. ती धावत आली, त्याच्या तोंडाशी कान नेला.

"अहो, जरा मोठ्यानं बोला," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिथंच मटकन खाली बसली.