एक अदलाबदल कमी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मंडळींनी मला डोक्यावर घेतलंय त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, पण हळहळायला नाही. हळहळ तुमच्यापाशीच ठेवा.

लोणखेड्यात बसून मी जुनाट कॉम्प्युटरांसाठी फाइल मॅनेजर लिहितो. म्हणजे फ्लॉपीवर काय काय आहे ते दाखवणारा, फायली इकडून तिकडे हलवणारा प्रोग्राम. मेलेल्या यंत्रांसाठी कशाला डोकं फोडतोस, असं लोक विचारतात. का नको? माझा वेळ, माझं डोकं! त्या कामाची मला आजही लाज वाटत नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची आहे.

या यंत्रांत एका वेळी एकच फ्लॉपी बसते. फाइल हलवायची तर आधी जुनी फ्लॉपी घाला, मग नवी, मग जुनीवरची फाइल पुसायला पुन्हा जुनी. लोक वैतागायचे. मी शक्कल लढवली — हलवायच्या सगळ्या फायली एकदम यंत्राच्या मेमरीत वाचायच्या, जुनीवरून लगेच पुसायच्या, मग नवीवर लिहायच्या. एक अदलाबदल कमी! परदेशातून वाहवा आली. आणि मधेच वीज गेली, मेमरी कोरी झाली तर? त्यांच्याकडे जात नसेल. आमच्याकडे जाते, हे मला ठाऊक नव्हतं का? माझ्या घरी इन्व्हर्टर होता, एवढंच.

तळोद्याच्या सलीमचाचांकडे नव्हता. चाचा शिंपी. आखातातून परतताना त्यांनी असला एक कॉम्प्युटर आणला होता, आणि त्यांची मुलगी नाझिया त्यावर चित्रं काढायची. ती तापात गेली. चित्रं तेवढी राहिली. फ्लॉपी जुनी झाली म्हणून चाचांनी माझ्याच प्रोग्रामने ती सगळी नव्या फ्लॉपीवर हलवायला घेतली — आणि वीज गेली.

जुनी फ्लॉपी घेऊन ते माझ्याकडे आले. मी ती लावून पाहिली. यादी कोरी. चूक माझी, हे तिथेच कळलं. आणि मी म्हणालो — बुरशी लागलीय, चाचा. दमट जागी ठेवली असेल.

त्यांचा चेहराच उतरला. "मन्हीच चुकी शे, बेटा. तिनी माय सांगे, लोखंडी पेटीमा ठेवा. मी ऐकं नही."

पुढे कळलं, चाचींनी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. मी तेव्हा तरी तोंड उघडलं का? नाही. प्रोग्राममधला क्रम तेवढा गुपचूप बदलला, आणि खाली लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. त्यालाही शाबासकी मिळाली.

पण खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. पुसलेली फाइल लगेच जात नाही. यादीतलं नाव जातं. चित्र फ्लॉपीवर तसंच असतं, त्यावर दुसरं काही लिहीपर्यंत. ती चित्रं मी परत मिळवून देऊ शकलो असतो. माझ्या हातचं काम होतं. पण दिली असती, तर बुरशीचं काय सांगणार होतो?

त्या दिवशी उठता उठता चाचांनी विचारलं, "मंग फेकी देऊ का?"

भेकड म्हणा, घमेंडी म्हणा, मी नाकारणार नाही. माफीही मागत नाही. नाझियाची चित्रं त्या फ्लॉपीत आहेत हे पक्कं माहीत असताना मी ती चाचांच्या हातात परत ठेवली आणि म्हणालो, फेका.