ओंडक्याच्या हाताची बाही

हिंदमाताच्या गल्लीतला एक शिंपी शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठी सुपरहिरोंचे पोशाख शिवतो. माझ्या मुलीचा पोशाख दरवर्षी त्याच्याकडेच असतो. माप घेताना प्रत्येक सिनेमावर त्याचं मत तयार. "पहिला भाग बरा होता साहेब. नंतर नुसती मारामारी." कुठली मारामारी, असं विचारलं की तो चटकन ओठांत टाचण्या धरतो आणि नुसतं "हं" करतो. याने यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही, असा मला दाट संशय होता.

म्हणून यंदा मी मनानेच एक हिरो रचला. "तो उजवा हात ओंडक्याचा असलेला. पाहिलात ना?"

"पाहिला की," तो म्हणाला. "पण एवढ्या जाड हातावर बाही चढवली कशी, ते दाखवलंच नाही. खांद्यापासून उघडी ठेवून बटणं लावायला पाहिजे होती." आणि त्याने खडूने कापडावर ती बाही काढून दाखवली.

सापडला, मी मनात म्हटलं. आता तोंडावर सांगायचं, म्हणून पुढे वाकलो. पण नजर खडूच्या बाहीवरच अडली.

"बटणं कशाला?" मी म्हणालो. "चेन लावली तर?"