सभेत धरलेला हात

चहाचा कप जरा खाली ठेवा. आता माझी जी फजिती सांगणार आहे, ती ऐकून ठसका लागेल तुम्हाला.

मी जळगावला पाइपच्या कारखान्यात, बायको रूथ धुळ्याला देवपुरात नर्स. शनिवारी मी घरी पोचावं, तर ही रात्रपाळीला निघालेली! रविवारी चर्चमध्ये तरी शेजारी बसेल म्हणावं, तर मधोमध तिचे वडील, आबा. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. आपलं लग्न झालंय की नाही, असा मलाच संशय यायचा हो!

तशात पास्टरांनी जोडप्यांची सभा ठेवली. विषय, ख्रिस्ती विवाह घट्ट कसा करावा. आबा म्हणाले, "मी मागे चहाचं बघतो." म्हटलं, प्रभू पावला! रूथ माझ्या शेजारी बसली.

सभा संपत आली तसे पास्टर म्हणाले, "डोळे मिटा. जोडीदाराचा हात धरा. कधीच बोलला नाहीत, ते हळूच सांगा."

मी डोळे गच्च मिटले, काय बोलायचं ते मनात जुळवलं आणि शेजारचा हात धरला. अरे देवा, किती खरखरीत!

"फार राबतेस गं," मी पुटपुटलो. "तिकडे खोलीवर आलो की आधी टीव्ही लावतो. बघत नाही, पण कुणीतरी बोलतंय असं वाटतं. आजारी पडलो तर चार दिवस कुणाला कळायचं नाही. आणि आबांना सांग ना, रविवारी तरी मधे बसू नका म्हणावं. भिंत घातल्यासारखं वाटतं!"

शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, रडतेय बिचारी. मग काय? तुमच्यापासून काय लपवायचं! मी त्या हाताचा मुका घेतला.

"बस कर रे भाऊ," अस्सल अहिराणीत आवाज आला. "हाऊ मना हात शे."

डोळे उघडले, तर आबा! मी डोळे मिटून जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला म्हणून रूथ बाहेर गेलेली, आणि चहा मांडून दमलेले आबा पंख्याखाली तिच्या खुर्चीत टेकलेले.

"आबा, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"बठ्ठं आयकं मी," ते समोर बघत म्हणाले. "तुनी सासू गई, तवयपासून माले बी करमत नही. रूथ ड्युटीवर, तू जळगावले. म्हनीसन बसस तुमना मझार."

म्हणून मधे बसत होते तर! मला त्यांचा हात सोडवेना.

तेवढ्यात रूथ लगबगीने आली. "अहो, बोलावलंय मला, निघते. मला काही सांगितलंत का?"

"वेळेवर जेवत जा म्हटलं," मी म्हणालो. ती गेलीसुद्धा.

परवा पास्टरांनी विचारलं, "काय, सभेचा फायदा झाला का?"

झाला तर! हल्ली रोज संध्याकाळी खोलीवर फोन वाजतो. मी टीव्ही बंद करून धावत उचलतो. पलीकडून मायेने विचारतात, "जेवना का, बेटा?"

नातं एकदम घट्ट झालंय हो... सासऱ्यांशी!